आडनावाचे क्रियापद

१८८० च्या नोव्हेंबरात आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या लॉख मास्क तळ्याकाठी, पन्नास माणसे भर पावसात सलगम उपटत होती. बटाटे काढायचे होते, धान्य झोडायचे होते. काम शेतमजुराला रोजचेच. पण या पन्नास जणांच्या राखणीला घोडदळ, पायदळ आणि सशस्त्र पोलीस मिळून हजाराच्या घरात माणसे उभी होती आणि त्यांचे तंबू घरमालकाच्याच हिरवळीवर ठोकलेले होते. दोनेक आठवडे हा सोहळा चालला. हिशेब लागला तेव्हा ५०० पौंडांच्या पिकापायी निदान १०,००० पौंड खर्ची पडले होते. दर सलगमामागे एक शिलिंग, अशी त्याची थट्टा आयरिश पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल याने केली.

ज्याच्या शेतात हे चालले होते त्याचे नाव चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. घराण्याचे मूळ आडनाव ‘बॉयकॅट’. १८४१ मध्ये घरच्यांनी एक अक्षर बदलून घेतले. तेवढे केले नसते तर साऱ्या जगाच्या तोंडी आज वेगळाच शब्द असता. चार्ल्सचा जन्म १८३२ चा, इंग्लंडमधल्या नॉर्फक परगण्यातला. बाप पाद्री. मुलाला लष्करात जायचे होते, पण वुलिचच्या लष्करी अकादमीत तो नापास झाला. त्या काळी इंग्रजी फौजेत अधिकारपद विकत मिळे. घरच्यांनी ४५० पौंड मोजून त्याला ३९ व्या पलटणीत घुसवले, पलटण आयर्लंडला गेली, तिथे त्याने लग्न केले आणि तीन वर्षे पुरती व्हायच्या आत पद विकून तो मोकळा झाला. म्हणजे ‘कॅप्टन बॉयकॉट’ हा हुद्द्याने कधी कॅप्टन नव्हताच. लोक म्हणायचे, त्यानेही नाकारले नाही.

पुढे बरीच वर्षे त्याने ॲकिल बेटावर शेती केली. १८७३ च्या सुमारास तो लॉख मास्कला आला, तो लॉर्ड अर्नचा कारभारी म्हणून. या अर्नची आयर्लंडभर चाळीस हजार एकरांवर जमीन होती. मेयोतली दोनेक हजार एकर म्हणजे त्यातला एक कोपरा. त्या कोपऱ्यातल्या पस्तीस-अडतीस कुळांकडून खंड गोळा करायचा, त्यातला दहावा हिस्सा आपण ठेवायचा, शिवाय सहाशेवर एकर खंडाने घेऊन स्वतः कसायची, असा बॉयकॉटचा व्यवहार होता. माणूस फार क्रूर होता असे नाही, पण कटकट्या होता. फाटक उघडे टाकले, दंड. कोंबडी त्याच्या आवारात शिरली, दंड. गावाचा राग मोठ्या अन्यायाने पेटतो असे इतिहासात लिहितात. तो आधी साठतो तो असल्या कोंबड्यांवरून.

मोठा अन्यायही होताच. आयर्लंडमधली निम्मी जमीन जेमतेम साडेसातशे घराण्यांच्या हाती होती आणि त्यातले कित्येक जमीनदार तिकडे फिरकतही नसत. कसणारा वर्षाच्या कराराने कसे. त्याने बांध घातला, निचऱ्याचे चर खणले, जमीन सुधारली, की खंड वाढे. भरला नाही की घराबाहेर. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली, त्याला अजून पस्तीस वर्षेही उलटली नव्हती. मेयो हा त्या दुष्काळाने सर्वांत जास्त पिळलेल्या भागांपैकी एक. १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडाले. त्याच साली ऑक्टोबरात मेयोतल्याच कॅसलबार गावी लँड लीगची स्थापना झाली. अध्यक्ष पार्नेल, पण संघटनेमागचा खरा हात मायकेल डेव्हिटचा. मेयोतल्याच एका बेदखल कुळाचा हा मुलगा, लहानपणी इंग्लंडच्या कापडगिरणीत एक हात गमावलेला.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस गावी लीगची सभा होती. पार्नेलने समोरच्यांनाच विचारले, शेजाऱ्याला हुसकून रिकाम्या केलेल्या जमिनीवर जो बोली लावतो त्याचे काय करायचे? गर्दीतून उत्तरे आली, मारा, गोळी घाला. पार्नेलने ती ऐकून घेतली आणि त्याहून बरा, ख्रिस्ती माणसाला शोभेसा मार्ग म्हणून दुसरेच सुचवले. रस्त्यात भेटला तर बोलू नका, दुकानाच्या फळीशी नाही, बाजारात नाही, देवळातसुद्धा नाही. जुन्या काळी महारोग्याला दूर ठेवत तसा त्याला एकटा पाडा.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. पार्नेलचा रोख जमीनदारावर नव्हता, कारभाऱ्यावरही नव्हता. तो होता आपल्यातल्याच फुटीर कुळावर. म्हणजे हत्यार घडवले गेले ते आपल्याच माणसाला वठणीवर आणायला. ते वरच्या माणसावर चालले, ही पुढची गोष्ट, आणि ती तीन दिवसांतच घडली.

लॉर्ड अर्नने त्या वर्षी खंडात दहा टक्के सूट देऊ केली होती, कुळे पंचवीस टक्के मागत होती. बॉयकॉटने अकरा कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. २२ सप्टेंबरला बेलिफ सतरा पोलीस घेऊन निघाला. नोटीस कुटुंबप्रमुखाच्या हातात पडली तरच ती बजावली असे कायद्याने धरत. तीन घरे झाली. चौथ्या घरातल्या बाईने कागद घ्यायला नकार दिला आणि लाल झेंडा हलवून आजूबाजूच्या वस्तीला खूण केली. शेतांतून बायका धावत आल्या. चिखल, दगड, शेणखत, हाताला येईल ते बेलिफावर आणि पोलिसांवर बसू लागले. सगळा ताफा पळत बॉयकॉटच्या घरात शिरला. दुसऱ्या दिवशीही नोटिसा बजावता आल्या नाहीत. मग जमाव थेट लॉख मास्कच्या घरी गेला आणि गडीमाणसांना त्याने निरोप दिला, कामे सोडा. ती त्यांनी सोडली.

लोहार घोड्याला नाल ठोकेना. धोबीण कपडे नेईना. टपाल आणणाऱ्या पोराला दम भरला गेला. बॉयकॉटचा तरुण पुतण्या टपालाला निघाला, तर त्यालाही वाटेत अडवून परत पाठवले. जवळच्या बॅलिनरोब गावच्या दुकानदारांनी सौदा बंद केला, तेव्हा खाण्याचे सामान काँग गावाहून होडीने आणावे लागले. पीक रानात उभे, गुरे मोकाट, फाटकांची कुलुपे फुटलेली. हे सगळे बॉयकॉटने स्वतःच ऑक्टोबरात लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून मांडले. त्या पत्राने इंग्लंड हळहळले, वृत्तपत्रांनी बातमीदार धाडले, उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या राजनिष्ठ प्रॉटेस्टंटांनी निधी उभारला. शेकड्यांनी माणसे पाठवायचा त्यांचा बेत होता. दंगल होईल या भीतीने आयर्लंडचा मुख्य सचिव फॉर्स्टर याने पन्नासांवर बोट ठेवले. तीच ही सलगमवाली पन्नास माणसे, कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून आलेली. क्लेअरमॉरिस स्टेशनावर ती उतरली, तेव्हा त्यांना गाडीघोडा द्यायला कोणी तयार नव्हते. पावसात भिजत ती बॅलिनरोबपर्यंत चालत गेली.

या सगळ्या काळात एक माणूस गर्दीचा लगाम धरून होता. नील गावचा कॅथलिक पाद्री, फादर जॉन ओमॅली. सैन्य आले की घरांत बसा, रस्त्यावर फिरकू नका, अशी त्याने लोकांना तंबी दिली होती आणि लोकांनी ती पाळली. फौज रिकाम्या रस्त्यावरून चालत गेली. त्या वेळची एक गोष्ट सांगतात. वाटेत फादरला एकच म्हातारी उभी दिसली. सैनिकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो तिच्यावर खेकसला, “ब्रिटिश फौजेला त्रास देऊ नकोस म्हणून तुला बजावलं नव्हतं का?”

शब्दही याच फादरच्या घरी जन्मला. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकी पत्रकार त्या दिवसांत मेयोत फिरत होता. रेडपाथने पुढे लिहून ठेवलेली हकीकत अशी की, तो फादरकडे जेवायला बसला होता आणि एका शब्दाने त्याला घास गोड लागत नव्हता. बेदखल जमीन बळकावणाऱ्या कुळाला लोक टाकतात, त्याला ‘सामाजिक बहिष्कृती’ म्हणून भागते. पण जमीनदाराला किंवा त्याच्या कारभाऱ्याला टाकले तर त्याला काय म्हणायचे? ग्रीकांचा ‘ऑस्ट्रसिझम’ होता. अथेन्सचे नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून नकोशा पुढाऱ्याला दहा वर्षे हद्दपार करत, त्यावरून आलेला. पण मेयोच्या शेतकऱ्याला ग्रीक कोण शिकवणार? फादरने क्षणभर कपाळावर बोटे आपटली आणि सुचवले, ‘त्याला बॉयकॉट करणे’ म्हटले तर?

रेडपाथची अडचण विनोदी वाटते, पण ती नेमकी होती. गावाने आपल्यातल्याला टाकणे ही जुनी गोष्ट होती आणि तिच्यासाठी शब्द होते. गावाने वरच्याला टाकणे ही गोष्ट नवी वाटली, म्हणून शब्द नवा लागला. ऑक्टोबर १८८० मध्ये रेडपाथने तो शिकागोच्या ‘इंटर ओशन’ या पत्रात छापला. नोव्हेंबरात लंडनच्या ‘टाइम्स’ने वापरला. सलगम अजून रानात होते आणि शब्द अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पोचला होता.

नाव असे गाजत असताना नावाच्या धन्याची दशा पाहण्यासारखी होती. नोव्हेंबर संपता संपता बॉयकॉट कुटुंब घर सोडून निघाले, तेव्हा गाडी हाकायला कोणी मिळेना. शेवटी लष्कराची रुग्णगाडी आणि लष्कराचाच गाडीवान घ्यावा लागला. डब्लिनमध्ये हॉटेलात उतरले, तर हॉटेलमालकाला धमकीचे पत्र आले. १ डिसेंबरला त्यांनी इंग्लंडची बोट धरली. पुढच्या वर्षी बॉयकॉट अमेरिकेला गेला तो ‘कनिंगहॅम’ हे नाव लावून, पण न्यूयॉर्कच्या बातमीदारांनी त्याला ओळखलेच. त्यानंतर तो लॉख मास्कला परतला आणि हळूहळू लोक त्याच्याशी बोलूही लागले. १८८६ पर्यंत तो तिथे होता. मग इंग्लंडमधल्या सफक परगण्यात कारभारी म्हणून नोकरी धरली आणि १८९७ मध्ये तिथेच वारला. घोड्यांच्या शर्यतीचा त्याला नाद होता. त्याच्या एका घोड्याचे नाव त्याने ‘बॉयकॉट’ ठेवले होते म्हणतात. म्हणजे माणसाला थोडी गंमत कळत असावी.

एव्हाना आडनावाचे पहिले अक्षर मोठे काढायची इंग्रजी रीत मोडली होती. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांनी शब्द जवळपास आहे तसा उचलला. जपानीत तो ‘बोइकोत्तो’ झाला. मराठी क्रिकेटवेड्यांना मात्र बॉयकॉट म्हटले की आधी यॉर्कशरचा जेफ्री आठवतो. त्याची कथाही या शब्दाला साजेशीच आहे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत तो खेळून आला होता, म्हणून १९८१ मध्ये इंग्लंडचा भारत दौराच रद्द व्हायची वेळ आली होती. दौरा झाला, दिल्लीत त्याने सोबर्सचा कसोटी धावांचा विक्रम मोडला आणि काही आठवड्यांतच जगाने ज्या देशावर बहिष्कार टाकला होता तिथे बंडखोर संघातून खेळायला गेला. त्याबद्दल तीन वर्षांची बंदी आली. बॉयकॉटवर बॉयकॉट.

पण जी गोष्ट रेडपाथला नवी वाटली, ती खरोखर मेयोतच पहिल्यांदा घडली का?

डिसेंबर १८७४. म्हणजे लॉख मास्कच्या जवळपास सहा वर्षे आधी. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले करडे गाव. तिथल्या कालूराम या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. देशमुख म्हणजे गावातले बडे प्रस्थ. त्यांची ही गत, तर बाकीच्यांची काय, असे गावाला वाटले असणार. गावाने मिळून ठरवले, सावकारांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांच्या जमिनी कोणी कसायच्या नाहीत. बैलगाडीवाल्याने भाडे घेऊ नये, न्हाव्याने हजामत करू नये, परटाने कपडे धुऊ नयेत, चांभाराने जोडा शिवू नये. ही लाट पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांतल्या गावांत पसरली.

करड्याची आणि बॅलिनरोबची तुलना ओढूनताणून केलेली नाही. दोन्हीकडे कोर्ट आणि बेलिफ हेच मुळाशी होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळला, नेमका त्याच सुमारास सरकारने सारा वाढवला, आणि गहाणखतांच्या जोरावर जमिनी सावकाराकडे जाऊ लागल्या. पूर्वी सावकाराला गावाची भीड होती. इंग्रजी दिवाणी कोर्टाने त्याला तिची गरज ठेवली नाही. गाव बहिष्काराने जे परत मिळवू पाहत होते ती हीच भीड.

ते साधले नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी जमावाने सावकारांची दुकाने फोडली आणि रोखे, खते, खतावण्या बाहेर काढून जाळल्या. पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हेच चालले. कागद दिला की माणसाला सहसा हात लावत नसत. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर १८७९ मध्ये, म्हणजे लँड लीग जन्मली त्याच वर्षी, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. करड्यात कोणी अमेरिकी पत्रकार जेवायला बसलेला नव्हता. नाहीतर कालूरामच्या नावाचे काय झाले असते कोण जाणे.

करड्याला नवा शब्द लागला नाही, याचे कारण वेगळेच होते. तिथल्या भाषेत शब्द भरपूर होते. वाळीत टाकणे. जातीबाहेर काढणे. रोटीबेटी व्यवहार बंद करणे. पान-पाणी तोडणे. ब्राह्मणांत याच्यासाठी खास शब्द होता, ग्रामण्य. कोणी कोणाच्या पंक्तीला बसला, कोणी विधवेशी लग्न लावले, कोणी समुद्र ओलांडला, यावरून पेशवाईत आणि नंतरही वर्षानुवर्षे ग्रामण्ये चालली. न्हावी-परीट बंद करणे हा गावगाड्याचा जुना दंड होता आणि बहुतेक वेळा तो वरून खाली उतरे. करड्याने तोच सावकारावर उगारला.

ग्रामण्याची सर्वांत गाजलेली कथा चहाच्या पेल्यातली आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्या. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. बेत जमवणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, मोठे खोडसाळ गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून ब्राह्मणवर्गात गदारोळ झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले, त्यावरून सुधारकांनी त्यांना बोल लावले. टिळकांनी काशीत घेतल्याचे सांगितले. तरी त्यांच्याही घरच्या धर्मकृत्यांना भटजी मिळायची पंचाईत होती.

पंधरा वर्षांनी याच टिळकांनी बहिष्काराला राजकारणात आणले. १९०५ मध्ये बंगालची फाळणी जाहीर झाली. ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. तीत पुढाकार घेतला म्हणून फर्ग्युसन कॉलेजने विद्यार्थी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि बहिष्कार ही चतुःसूत्री याच काळातली. काँग्रेसमधल्या मवाळांना स्वदेशी चालत होती, बहिष्काराने त्यांच्या पोटात गोळा येई. बंगालपुरता, तात्पुरता, ठीक आहे, असे ते म्हणत. टिळकांना तो सरकारच्या सगळ्याच यंत्रणेवर हवा होता. राज्य आपल्याच माणसांच्या हातांनी चालते, ते हात काढून घ्या, हा त्यांचा युक्तिवाद. लॉख मास्कच्या धोबिणीने तो न शिकता अमलात आणला होता.

गांधींना हा शब्द मानवला नाही. बहिष्कारात शिक्षेचा आणि द्वेषाचा वास येतो असे त्यांचे म्हणणे. म्हणून ‘असहकार’. विरोधकाला डॉक्टर, न्हावी, धोबी नाकारणे त्यांना अमानुष वाटे. असाच अवघडलेपणा पुढे अमेरिकेत मार्टिन लूथर किंग यांना जाणवला. १९५५ च्या डिसेंबरात मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालवला. पण सुरुवातीलाच किंग यांच्या मनात आले की, हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांची रोजीरोटी तोडायला गोऱ्यांच्या संघटना हेच तर हत्यार वापरतात. मग त्यांनी तो शब्द शक्यतो टाळायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात ही दुसरी बाजू ज्यांना सोसावी लागली त्यांनी तिचेच नाव घेतले. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये काढलेली संस्था बहिष्कृत हितकारिणी सभा आणि ३ एप्रिल १९२७ ला, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, सुरू केलेले पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’. महाडला गेलेल्यांना आपापल्या गावी काय भोगावे लागेल हे त्यांना ठाऊक होते. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावला की गाव त्यांच्यावर बहिष्काराचे शस्त्र चालवते, असे समितीने नोंदवले. कामावरून काढतात, वाटा बंद करतात, वाणी मीठमिरची विकत नाही. आणि निमित्ते कोणती? कोणी जमिनीचा तुकडा विकत घेतला, कोणी चांगले कपडे किंवा दागिने घातले, कोणाची वरात नवरदेवाला घोड्यावर बसवून सार्वजनिक रस्त्यावरून निघाली. ज्याच्याकडे जमीन नाही, विहीर नाही, दुकान नाही, त्याच्यावर बहिष्कार पडला तर तो होडी घेऊन दुसऱ्या गावाहून सामान आणू शकत नाही. बॉयकॉटसाठी लंडनने फौज पाठवली होती. यांच्यासाठी तालुक्याचा फौजदार येईल याचीही खात्री नव्हती.

म्हणून गोलमेज परिषदेपुढे आंबेडकर आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी ज्या मागण्या ठेवल्या, त्यात बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवा, अशी एक होती. कलमांचा मसुदाही तयार होता. तो त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला होता. तिथल्या राष्ट्रवाद्यांचे बहिष्कार मोडायला इंग्रजांनी केलेला हा कायदा. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या बचावासाठी घडवलेली ढाल आंबेडकरांनी गावकुसाबाहेरच्या माणसासाठी मागितली, यात त्यांच्यातला बॅरिस्टर दिसतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना यांनी तिला आव्हान दिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, धर्मस्वातंत्र्यावर घाला येतो म्हणून. वेगळे मत देणारे सरन्यायाधीश सिन्हा होते. दरम्यान जातपंचायती आणि कोकणातली गावकी आपले निवाडे देतच राहिली. लग्न जातीबाहेर केले, पंचांविरुद्ध कोर्टात गेला, गावकीचे ऐकले नाही, अशा कारणांवरून कुटुंबे वाळीत पडत होती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये अर्ज झाला होता. नव्या कायद्यानंतर तो वाद उरतो का, असाही मुद्दा न्यायालयापुढे निघाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फेरविचाराचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.